ठिपक्यांची अक्षरं

तिसरी फ्लॉपी आत सरकवली तेव्हा ड्राइव्हमधून कोरड्या तव्यावर उलथनं घासल्यासारखा आवाज आला आणि सुवर्णाच्या हिरड्यांतून एक बारीक कळ गेली. पडद्यावर ओळ उमटली. पुन्हा प्रयत्न करायचा की सोडून द्यायचं, एवढंच मशीन विचारत होतं. तिनं पुन्हा प्रयत्न केला. तोच आवाज. आणखी एकदा केला. मशीन नवं होतं, दसऱ्याच्या मुहूर्तावर आणलेलं. त्याच्यावरचं प्लास्टिकसुद्धा देवरेनं अजून कुणाला काढू दिलं नव्हतं. तिनं फ्लॉपी बाहेर काढली, खिडकीशी नेली आणि अंगठ्यानं तिचं पत्र्याचं झाकण बाजूला सारलं. आतल्या काळ्या चकतीवर लाल रेघ होती. बारीक, गोल, फिरता फिरता ओढली गेलेली. रेघेच्या कडेला हळदीची पिवळी पूड चिकटून होती. खाली लेथच्या वर्कशॉपमध्ये कुणीतरी लोखंड कापत होतं, आणि त्या आवाजात तिला वाटलं की आपण आता काही बोललो तरी ते आपल्यालाच ऐकू येणार नाही. छातीत दूध दाटून आलं होतं. पायलची भुकेची वेळ झाली की सातपुरात बसूनही ते दाटायचं. शरीराला कुणी सांगितलेलं नसायचं की मूल तिकडे कॉलनीत आजीच्या मांडीवर आहे. तिनं पदर ओढून घेतला आणि झाकण सोडून दिलं. ते टक्कन मिटलं.

आतल्या खोलीतून देवरेनं विचारलं, "काय मॅडम, उतरला का प्रोग्राम?" इंजिनिअरिंगला एका वर्गात असल्यापासून तो तिला मॅडम म्हणायचा, आधी चिडवायला, नंतर सवयीनं. दोघांनी मिळून ही कंपनी काढली त्याला आता दोन पावसाळे झाले होते. कंपनी म्हणजे वर्कशॉपच्या वरच्या दोन खोल्या, एक प्रिंटर आणि सायखेड्याची भाजीपाल्याची सोसायटी. ती म्हणाली, "उतरतोय," आणि आपण असं का म्हणालो ते तिला कळेना. उतरणार नव्हता. हे तिला चकती बघायच्या आधी, त्या आवाजातच कळलं होतं. सगळं काम तिनं स्वतः दाबून एका गाठोड्यात बांधलं होतं, कारण सुटं ठेवलं तर फ्लॉप्या पुरत नव्हत्या. ते गाठोडं तुकड्यातुकड्यांनी फ्लॉप्यांवर भरलं होतं, आणि मधला एक तुकडा गेला की आख्खं गाठोडं उघडत नाही. सोसायटीच्या मशीनवर प्रोग्राम चालत होता, पण तो शिजलेला भात. त्यातून तांदूळ परत निघत नाहीत. त्यात नवा रकाना घालायचा असेल, आणि सोसायटीला दिवाळीच्या आत तो हवा होता, तर मूळ लिहिलेलं लागणार. मूळ लिहिलेलं ह्या काळ्या चकत्यांवर होतं. जुनं मशीन एक्स्चेंजमध्ये दुकानदार घेऊन गेला होता आणि त्यानं ते त्याच संध्याकाळी पुसून दुसऱ्या कुणाला विकलंही होतं.

त्या गाठोड्यात अक्षरं होती. बाकीचं सगळं, वजन, त्यातून कापायची कट्टी, भाव, हमाली, कुणीही लिहिलं असतं. देवरेनं लिहिलं असतं. अक्षरं तिची होती. प्रिंटरला मराठी येत नव्हतं. बाजारात मशीनमध्ये बसवायचं मराठीचं कार्ड मिळायचं, पण ते महाग होतं आणि त्यांच्या जुन्या मशीनला मानवायचं नाही. मग तिनं एक लहानसं हत्यार आधी स्वतःच घडवलं: पडद्यावर चौकटींची जाळी, बाणाच्या बटणांनी चालायचं आणि लांब बटण दाबलं की एक ठिपका काळा. ह्या जाळीत तिनं एकेक अक्षर भरलं होतं. तिला सातवा महिना होता. टेबल लांब पडायचं म्हणून कीबोर्ड पोटावर ठेवायची. एक पाऊल डावीकडे, दोन खाली, ठिपका. 'क' सहज आला. 'ळ' काही केल्या येईना. दोन पोटं एकमेकांत गुंतायची आणि कागदावर डागासारखं काहीतरी निघायचं. ती पुसायची, पुन्हा भरायची. आतून पोर लाथ मारायची, कीबोर्ड हलायचा आणि भलतीकडेच ठिपका उमटायचा. एकदा असा चुकून पडलेला ठिपका तिनं तसाच राहू दिला, आणि 'ळ' उभा राहिला. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय होतं. पण शेतकऱ्याला द्यायच्या हिशोबाच्या पट्टीवर कुणाचं नाव धोंडाबाळ किंवा काळू निघालं की ती त्या अक्षरापाशी थांबायची आणि तिच्या पोटात अजून काहीतरी हलायचं.

लाल रेघ कशी आली हेही तिला माहीत होतं. ती समोरच उभी होती. खंडेनवमीला खाली वर्कशॉपात लेथला झेंडूच्या माळा घातल्या होत्या, पाने आणि हातोडे पाटावर मांडले होते, आणि देवरे म्हणाला होता, आपली हत्यारं आपण कधी पूजणार? त्याची आई सटाण्याहून आली होती. नवसाबाई. वाळकी, हसरी म्हातारी. आल्या आल्या त्यांनी पायलला पोटाशी धरलं होतं आणि बराच वेळ खाली ठेवलं नव्हतं. देवरेनं सकाळीच सुवर्णाला बाजूला घेऊन म्हटलं होतं, "तुला पूजेला थांबायचं नसेल तर घरी गेलीस तरी चालेल हं. तुमच्यात नसतं, मला माहितीये. आम्हाला काही वाटणार नाही." इतक्या आपुलकीनं म्हणाला होता. त्या आपुलकीनंच ती तिथे खिळली. घरी बुद्धांची मूर्ती होती, बाबासाहेबांचा फोटो होता, दुसऱ्या दिवशी विहारात वंदनेला पांढरी साडी नेसून जायचं होतं; पण इथून आत्ता निघून गेलो तर आपण कायमचं निघून जाऊ, असं काहीतरी तिला वाटलं होतं. ती थांबली, आणि थांबली आहे हे सगळ्यांना नीट दिसावं म्हणून हसत राहिली. पाटावर कीबोर्ड होता, सी भाषेचं जाडं पुस्तक होतं, आणि सकाळीच भरून ठेवलेल्या फ्लॉप्यांची चवड. नवसाबाईंनी हळद वाहिली, अक्षता वाहिल्या, मग एक फ्लॉपी उचलून उलटसुलट पाहिली. "हाई काय शे?" देवरे म्हणाला, "आई, सगळं काम त्याच्यात आहे. ह्यांनी केलेलं." म्हातारीच्या अंगठ्याखाली पत्र्याचं झाकण आपोआप सरकलं आणि आतली चकती चकाकली. नवसाबाईंचा चेहरा उजळला. "देव मझारच ऱ्हास," त्या म्हणाल्या, देव आतच असतो, आणि ओल्या बोटानं त्यांनी थेट त्या चकतीला कुंकू लावलं. इतकं हलक्या हातानं, जसं तान्ह्या मुलाच्या टाळूला तेल लावतात. एकीला लावलं, दुसरीला लावलं.

सुवर्णाचं तोंड उघडलं होतं. 'आजी, तिथं नको' एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. ते तोंडात आले आणि तिथेच त्यांचा अर्थ बदलला. तिथं नको, असं देवरेच्या बायकोनं म्हटलं असतं तर लोक हसले असते आणि फ्लॉपी पुसली असती. खालच्या मिस्त्रीनं म्हटलं असतं तरी चाललं असतं. तिनं म्हटलं असतं तर खोली गप्प झाली असती. मग देवरे तितक्याच आपुलकीनं म्हणाला असता, असू दे आई, त्यांच्यात चालत नाही. ती बोलली नाही. मग नवसाबाईंनी तिलाही कुंकू लावलं आणि तिच्या हनुवटीला हात लावून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. दुपारनंतर दुसरी प्रत काढू, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. पण पूजलेली हत्यारं त्या दिवशी हलवायची नसतात. फ्लॉप्या पाटावरच राहिल्या. दुसऱ्या दिवशी ती विहारात होती, आणि मुहूर्ताच्या घाईत दुकानदार जुनं मशीन घेऊन गेला. कुणाचंच काही चुकलेलं नव्हतं. ती पुन्हा पुन्हा तिथेच येऊन पोचायची आणि तिथून पुढे वाट नव्हती. कुणी दुष्ट असतं तर त्याला आडवं जाता आलं असतं.

शेवटी तिनं चकती देवरेला दाखवली. मग कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून त्यानं ती पुसली. रेघ गेली, तिच्याबरोबर चकतीचा काळा लेपही थोडा गेला. "आईला सांगू नको," तो म्हणाला. "नाही सांगत." "ती जीव देईल." "देवरे, मी सांगत नाही म्हटलं ना." मग तो खुर्चीत बसला आणि नव्या मशीनकडे बघत म्हणाला, "तसं बघायला गेलं तर आकडेमोड मी आठवड्यात उभी करतो. व्हिज्युअल बेसिकमध्ये. खिडक्या, बटणं, सगळं तयार मिळतं त्यात, नुसतं उचलून ठेवायचं. फक्त नावं इंग्रजीत येतील." ती म्हणाली, "अक्षरं मी परत काढते. छापलेल्या पट्ट्या आहेत. त्यांच्यावरून ठिपके मोजून काढता येतील." "किती दिवस लागतील?" "दिवाळीपर्यंत." त्यानं तिच्याकडे पाहिलं, चेहऱ्याकडे नाही, किंचित खाली, पदर जिथे ओला झाला होता तिथे, आणि लगेच नजर वळवली. "पायल लहान आहे अजून," तो म्हणाला. "आपण असं करू. आप्पांनाच विचारू. गिऱ्हाईक म्हणालं मराठीच पाहिजे, तर मी थांबतो. पिंपळगावची नवी सोसायटी येऊ घातलीये, तीसुद्धा थांबेल. आप्पांचा शब्द." ह्यात अन्याय काही नव्हता. ती हो म्हणाली. आप्पा म्हणजे सायखेड्याच्या सोसायटीचे चेअरमन कोंडाजी आप्पा. ते मराठीच पाहिजे म्हणतील ह्याबद्दल तिला शंका नव्हती.

शंका नव्हती, कारण पहिली पट्टी निघाली तो दिवस तिच्याजवळ होता. पायल दोन महिन्यांची होती, कांगारूसारखी छातीशी बांधून ती एसटीनं सायखेड्याला गेली होती. सोसायटीच्या शेडमध्ये टोमॅटोचा आंबूस वास होता, नदीकडून गार वारा येत होता, आणि प्रिंटर करकरत एकेक ओळ ओकत होता. कोंडाजी आप्पांनी पट्टी फाडून घेतली आणि दोन्ही हातांनी वर धरली. "बघा रे," ते म्हणाले, "बघा काय निघालं." माणसं गोळा झाली. लताबाई नावाच्या बाईनं, तिची मेथी त्या दिवशी आली होती, आपली पट्टी चार घड्या करून चोळीत ठेवली. परतीच्या एसटीत सुवर्णा पायलच्या टाळूवर ओठ टेकून रडली होती. आपल्या बापाचं नाव तिला आठवलं होतं, साखर कारखान्याच्या हजेरीत ते कायम इंग्रजीत, दर वेळी वेगळं, कधी ओळखूही येऊ नये असं लिहिलेलं असायचं आणि तो अंगठ्यानं त्याच्यावर शाई उमटवायचा. तिला वाटलं होतं, आपण काहीतरी केलं. फार थोड्यांना असं वाटायची संधी मिळते. तो दिवस तिनं नीट घडी करून ठेवला होता, आणि बाळंतपणानंतरच्या त्या न संपणाऱ्या दुपारींत, कूस बदलताना, लंगोट पिळताना, तो काढून बघत होती.

आप्पा येईपर्यंतच्या दिवसांत तिनं कामाला सुरुवातही केली. पायल झोपली की जुन्या पट्ट्या खिडकीच्या काचेवर धरायची, पाठीमागून ऊन यायचं आणि ठिपके सुटे दिसायचे. पण पाहिलेले ठिपके आणि काढलेले ठिपके वेगळे असतात हे तिला तिथे कळलं. तेव्हा ती आतून जात होती, आता बाहेरून मोजत होती. हात चालत नव्हता. सासू, कलाबाई, दारातून बघायच्या. "काय निवडतीस गं उन्हात धरून?" "अक्षरं, आई." "निवड बाई. मी हाये पोरीजवळ." कलाबाईंचा तिच्यावर जीव होता, सून मशीनवर काम करते हे त्या कॉलनीत प्रत्येकीला सांगायच्या. नवरा, भारत, सातपूरच्या कारखान्यात होता, पाळीवरून आला की डबा धुऊन ठेवायचा, तिला मदत म्हणून. तो विचारायचा, "सापडलं का गं तुझं?" जसं काही घरातच कुठे ठेवलेलं विसरलं होतं. ती म्हणायची, सापडेल. पायल तिच्या अंगठ्याला धरून झोपायची, मूठ इतकी घट्ट की एका हातानंच पुढचं करावं लागायचं. ती मूठ सोडवताना तिला वाटायचं, हिच्यावर कुणी ढकललं नाही म्हणजे झालं. उद्या कुणी म्हणालं, बाळ लहान म्हणून राहिलं, तर ते खोटं असेल. हिच्या पायाच्या ठोक्यातून एक अख्खं अक्षर आलेलं आहे.

आप्पा बाजार उरकून दुपारी आले. पिशवीतून कोवळ्या भेंड्या काढून त्यांनी सुवर्णाच्या टेबलावर ठेवल्या. "तुमच्या पोरीला नाय, तुम्हाला. पोरगी काय खाती अजून." देवरेनं चहा मागवला आणि सगळं सांगितलं. कुंकवाचं सोडून सगळं; फ्लॉपी खराब झाली म्हणाला. मग म्हणाला, "आता दोन रस्ते आहेत आप्पा. मी करतो तो आठवड्यात होईल, पण नावं इंग्रजीत. मॅडम करतात ते मराठीत, जसं आत्ता आहे तसं, पण वेळ लागेल. तुम्ही म्हणाल तसं." त्यानं प्रामाणिकपणे मांडलं. एकही शब्द वाकडा नव्हता. सुवर्णा आप्पांच्या ओठांकडे बघत होती. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकला.

"इंग्रजी तर इंग्रजी," ते म्हणाले. "आकडा तेवढा ठळक काढा सायेब. त्या शेडात उजेड नाय."

"पण नाव वाचता येणार नाही आप्पा," ती म्हणाली. तिला तिचा आवाज शांत वाटला. "लोकांना आपलं नाव वाचता आलं पाहिजे ना."

आप्पा हसले, माया होती त्या हसण्यात. "ताई, माझं नाव मला ठावं हाय की. ते कशाला वाचू? वजन किती धरलं, भाव काय लावला, येवढंच बघतो माणूस. आकडा आमच्या म्हाताऱ्याला बी कळतो."

"पहिली पट्टी निघाली तेव्हा तुम्ही सगळ्यांना वर धरून दाखवत होता."

"व्हय, दाखवणारच. मशीन दाखवत व्हतो. पंचक्रोशीत तसं मशीन नव्हतं कुणाचं." त्यांना तिच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं. "अक्षर लय चांगलं व्हतं तुमचं, ताई. नाय म्हणत नाय मी. पण त्याच्यापायी तुम्ही लेकरू टाकून जीव काढायचा, आसं नको. आमच्या लताबाईनं तर परवा त्या पट्टीत हिंग बांधला."

देवरे मोठ्यानं हसला, आणि हसता हसता त्याचे खांदे सैल झाले. कितीतरी दिवसांनी. तो पिंपळगावला फोन लावायला आत गेला. आतून त्याचा आवाज येत होता, हो हो, आठवड्यात, एकदम नवीन टाइपचं. आप्पा टोपी नीट करून उठले आणि भेंड्या आजच्या आज करा, उद्या निबर होतील, असं सांगून जिना उतरले. देवरे बाहेर येऊन म्हणाला, "बघ, सुटलो. आणि तू असशीलच गं. सोसायट्यांच्या पोरांना शिकवायला कुणीतरी लागेलच. पायल चालायला लागू दे, मग बघू." ती म्हणाली, "बघू." हा माणूस खोटं बोलत नाही, हे तिला इतक्या वर्षांत नीट ठाऊक होतं. तो खरंच बघेल. तिनं टेबल आवरलं. आवरण्यासारखं फार नव्हतं.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. सातपूरची पहिली पाळी सुटली होती, मोटारसायकली बसच्या दोन्ही अंगांनी वाहत होत्या, दुकानांवरच्या पाट्या मागे पडत होत्या, मराठी, इंग्रजी, रंगवलेल्या, पत्र्याच्या, आणि ती एकही वाचत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या डोळ्यांसमोरून लिहिलेलं जात होतं आणि त्याचं तिला काही होत नव्हतं. आठवणीत तिनं त्या शेडमध्ये पुन्हा जाऊन पाहिलं. आप्पांचे वर धरलेले हात होते. माणसांच्या नजरा कुठे होत्या ते आता दिसत होतं. प्रिंटरकडे. सगळ्यांच्या प्रिंटरकडे. तेव्हाही तिकडेच होत्या. फ्लॉपी गेली तेव्हा जे गेलं ते निदान होतं तरी. आज जे गेलं ते कधीच नव्हतं, आणि जे नव्हतंच त्याच्यासाठी गळा काढता येत नाही. पूजेच्या दिवशी ती ओरडली असती, फ्लॉपी हिसकावून घेतली असती, खोली गप्प झाली असती, तरी आज आप्पांनी बशीत चहा ओतून हेच सांगितलं असतं. हे कळल्यावर हलकं वाटायला हवं होतं.

घरी भारत आधीच आला होता. पायलला खांद्यावर घेऊन तो दारात फेऱ्या मारत होता आणि पोर हुंदके देऊन देऊन थकली होती. त्यानं तिला सुवर्णाच्या हातात दिलं. सुवर्णा भिंतीला टेकून खाली बसली आणि तिला पाजायला घेतलं.

"आले होते का चेअरमन?" भारतनं विचारलं. "काय म्हणाले?"

"इंग्रजीत करायचं ठरलं. देवरे करतोय."

त्याचा चेहरा उजळला. आठवडाभर तो तिच्याकडे बघत होता, तिचं उन्हात काचेवर पट्ट्या धरून बसणं, रात्रीचं न जेवणं, आणि त्याला काही करता येत नव्हतं. "अगं मग सुटलीस की," तो म्हणाला. "आई, ऐकलं का, हिचं काम सुटलं." कलाबाई आतून म्हणाल्या, "बरं झालं बाई. डोळे खराब करत होती नुसती." भारत तिच्याशेजारी येऊन टेकला, पायलच्या तळपायाला बोट लावलं, पाय झटकन आखडला. तो हसला. "सोपं झालं ना मग?"

पायल चोखत होती, आणि चोखता चोखता तिनं एक डोळा उघडून आईकडे पाहिलं, खात्री करून घेतल्यासारखं, आणि तो पुन्हा मिटला.

"हो," सुवर्णा म्हणाली. "सोपं झालं."